भिंतीवरची अल्लीपूरवाली

आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या मागं, जिथं परवापरवापर्यंत तुरीचं वावर होतं, तिथं आता युनिव्हर्सिटी आहे. सरकारी नाही, खाजगी. धंदा शिकवायची. मला पहिल्यांदा सुनेनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, धंदा काय शिकवायची गोष्ट आहे? आर्वीला माझ्या माहेरी आमचे काका कापसाच्या ढिगात नुसता हात घालायचे आणि भाव सांगायचे, त्यांना कोणत्या मास्तरानं शिकवलं होतं? सून म्हणाली, "आई, आता त्याचीबी डिग्री राहते." राहते तर राहते बापा.

पण इमारत उभी राहिली तेव्हा मी खरंच हबकले. सगळी काच. खालपासून वरपर्यंत काच. वर्ध्याच्या उन्हात! आमच्याकडं मे महिन्यात फाटकाच्या कडीला हात लावला तर फोड येतो, आणि या शहाण्या लोकांनी काचेचं घर बांधलं. आत मशीननं थंड ठेवतात म्हणे. आतलं ते जाणोत. बाहेर काय होतं ते मी सांगते. दुपारी चारला त्या काचेवरून ऊन उलटतं आणि नेमकं माझ्या ओसरीवर येऊन पडतं. जगाला एक सूर्य, आम्हाला दोन.

आणि पोरं! काळे कोट, गळ्यात टाय, एवढ्या तलखीत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कोर्टातले वकील रस्ता चुकले. मुलीही तशाच, कोटात. चहाच्या टपरीवर उभ्या राहून घाम पुसत इंग्रजीत बोलत. मी फाटकाशी उभी राहून बघत राहायची. दुसरं काय करणार, दिवसभर तेच समोर.

मग यंदा एप्रिलात ती पोरं माझ्याच फाटकात आली.

त्याआधी आमच्या पापडांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गल्लीत आम्ही सातजणी. उन्हाळा लागला की पापड आळीपाळीनं होतात. आज माझ्या घरी, उद्या तिच्या घरी, परवा पलीकडे. जिच्या घरी पाळी, तिनं उडदा-मुगाचं पीठ कांडून, तेलाचा हात लावून पहाटेच तयार ठेवायचं. बाकीच्या सहाजणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सहाच्या ठोक्याला हजर. चहा तिच्याकडचा, जेवण तिच्याकडचं, आणि पापडाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खायच्या त्याही तिच्याकडच्या. मजुरी नाही, विक्री नाही. आपले आपण खातो, पोरीबाळींना पाठवतो.

आम्ही एकमेकींना नावानं हाक मारत नाही, माहेरच्या गावानं मारतो. मी आर्वीवाली. माझ्या शेजारी जिचं पोळपाट असतं ती अल्लीपूरवाली. एक निवृत्त शिक्षिका आहे, तिचं माहेर केळझरचं, पण तिला सगळ्या मास्तरीणबाईच म्हणतात. तिलाही तेच आवडतं.

अल्लीपूरवाली बौद्ध. वीस वर्षांमागं ती या ले-आउटमध्ये राहायला आली. पहिल्या उन्हाळ्यात ती पोळपाट काखेत धरून माझ्या ओसरीवर चढली, तर दोघीजणींना एकदम घरची कामं आठवली. त्या गेल्या त्या गेल्याच. आम्ही तेव्हा नऊ होतो, ती धरून दहा झालो असतो, पण उरलो आठ. पुढं एक वारली. अशा सात. अल्लीपूरवालीचं पोळपाट मात्र तेव्हापासून माझ्या डाव्या हाताला असतं ते असतंच.

आता ती थकली. बोटं वाकडी झाली, लाटणं नीट फिरत नाही. मी दहा पापड लाटते तोवर तिचे दोन. त्यावरून मी तिला जे बोलते ते बाहेरच्या माणसानं ऐकलं तर भांडण सोडवायला धावेल. आमची रीतच ती. ओसरीवर जी जवळची तिला जास्त टोचायचं. जिला कोणी काही बोलत नाही, तिनं समजावं की आपण अजून पाहुण्या आहोत.

तर त्या दिवशी माझी पाळी होती. सगळ्या बसलेल्या. फाटक वाजलं. तिघी जणी आत आल्या, पुढं एक नागपूरची पोरगी. गोड होती हो, खोटं कशाला बोलू. वाकून सगळ्यांच्या पाया पडली. म्हणाली, "आजी, आम्हाला युनिव्हर्सिटीच्या आसपासच्या एका महिला उद्योगाचा अभ्यास करायचाय. प्रोजेक्ट आहे."

मी म्हटलं, "उद्योग तर आम्ही लई करतो. बसा."

त्या हसल्या. खाली बसल्या, कोटासकट. फोन काढले.

"विकता कुठे, आजी?"

"विकत नाई ना. आमचे आमी खातो."

पोरीचं तोंड उतरलं, जसं काही घरात कोणाला बरं नाही असं मी सांगितलं. मग म्हणाली, "पण विकू शकता. पोटेन्शिअल आहे." आणि लिहून घेतलं.

आता घरी पाहुणी आलेली, ऐकणारे कान नवे. आम्हाला चेवच आला.

मी म्हटलं, "काऊन वं अल्लीपूरवाली, पापड लाटून राह्यली का नकाशा काहाडून राह्यली?"

ती मान वर न करता म्हणाली, "नकाशाच काहाडून राह्यली. आर्वीची वाट शोधतो. तुले एकदा माहेरी पोचवून देतो अन् मोकळी होतो."

सगळ्या खिदळल्या. पोरं पण हसली. पोरीनं विचारलं, "आजी, यांचे दिवसाला किती होतात?"

"इचे? दोन. त्यातला एक फाटका. अन् लाट्या खाते चार. इले तं आमी फुकटच बसवतो!"

"अन् हे पाहा आमची मालकीण," अल्लीपूरवाली माझ्याकडे लाटणं करून म्हणाली. "मीठ बी इले इचारून टाका लागते. इच्यापुढं कोनाचं चालते का?"

"लाट्या तं मास्तरीणबाई खाते सगळ्यात जास्त," कोणीतरी मागून म्हणालं.

"मी चव पाहते!" मास्तरीणबाई म्हणाली, तोंडात लाटी घेऊनच.

पोरं लिहीत होती. भराभर लिहीत होती. मला वाटलं, गंमत लिहून घेताहेत. जाताना त्यांनी फोटो काढले, ओसरीचे, पिठाचे, आमचे, आमच्या हातांचे. मी प्रत्येकीच्या हातावर लाटी ठेवली. पोरीनं खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आजी, हे तर नेक्स्ट लेव्हल आहे." म्हणजे आवडली असावी.

पंधरा दिवसांनी तीच पोरगी पत्रिका घेऊन आली. युनिव्हर्सिटीत सगळ्या प्रोजेक्टांचा मोठा कार्यक्रम, बक्षिसं, आणि आम्ही सातही जणींनी यायचंच. "खास तुमच्यासाठी मी सगळं मराठीत केलंय, आजी. सरांची स्पेशल परवानगी घेतली." किती मनानं केलं असेल पोरीनं. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

आम्ही ठेवणीतल्या साड्या काढल्या. अल्लीपूरवालीनं पांढरी, निळ्या काठांची नेसली. युनिव्हर्सिटी आमच्या ले-आउटच्या मागच्या भिंतीला लागून, पण तिचं फाटक पार तिकडं, मोठ्या रस्त्यावर. म्हणून पोरांनी बस पाठवली होती. थंड बस. आम्ही सातही जणी पदर डोक्यावरून घेऊन बसलो.

आतलं काय सांगू! फरशी अशी की आपलं तोंड दिसावं. अल्लीपूरवालीनं दाराशीच चपला काढल्या. मग मी काढल्या. मग सगळ्यांनी. काचेच्या दाराबाहेर उन्हात सात जोड ओळीनं, आणि आतून पोरं बूट घालून फिरताहेत. शिपाई म्हणाला, "माय, घालून या ना." पण एकदा काढल्या त्या काढल्या.

एका भिंतीवर हिरवे-लाल आकडे पळत होते. न थांबता. मास्तरीणबाईनं विचारलं तर म्हणे मुंबईच्या शेअरबाजाराचे. तिथला एक आकडा पडला की इथं पोरं "ओह" करतात. पैसा कोणाचाच लागलेला नाही, नुसती तालीम.

दुसऱ्या भिंतीवर फोटो. रांगेनं तरुण पोरापोरींचे फोटो, चौकटीत. हार नव्हते, पण मी सवयीनं हात जोडले. मनात म्हटलं, अरेरे, किती कोवळी. मास्तरीणबाईनं माझा हात खाली ओढला. "वं, जिवंत हायेत ते! नोकरी लागलेले हायेत." जवळ जाऊन वाचलं. फोटोखाली नाव, नावाखाली पगार. नाव बारीक अक्षरात, पगार ठळक. मला धक्काच बसला. आमच्याकडं माणसाचा पगार बायकोलासुद्धा उशिरा कळतो. इथं भिंतीवर! मी अल्लीपूरवालीला म्हटलं, "तुह्या फोटोखाली काय लिहितीन वं?" ती म्हणाली, "लिहितीन, शेजार वाईट भेटला." आणि हसलो आम्ही. त्या हॉलच्या दारात. ते हसणं मला लख्ख आठवतं.

हॉलमध्ये थंडी एवढी की मेमध्ये पदर लपेटावा लागला. तिथं मास्तर खाली बसतात आणि पोरं वर उभी राहून शिकवतात. दोघांचं झाल्यावर आमची पोरगी वर गेली. पडद्यावर माझी ओसरी उजळली. एवढी मोठी! भिंतीचा पोपडासुद्धा दिसत होता. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग अक्षरं आली. मराठीत, ठसठशीत.

पहिलं माझंच. "मालकीण. सर्व निर्णय एकाच व्यक्तीच्या हाती. इतरांना मत देण्यास वाव नाही." मला कळेना हे काय. मास्तरीणबाईनं मला कोपर मारलं, "घे, मालकीणबाई!" मी हसले.

मग मास्तरीणबाईचा फोटो, गाल फुगलेला. "कच्च्या मालाची गळती." हॉल हसला, आम्हीही हसलो, तीही हसली. मात्र मी मध्येच थांबले. कारण मला कळलं, ही पोरगी गंमत करत नाहीये. ती आमची गंमत खरी धरून बसलीये.

तिसरा फोटो हातांचा. कोणाचे ते मी पडद्यावर पुरते उमटायच्या आधी ओळखले. वाकडी बोटं, मधोमध लाटणं. शेजारी छोट्या चौकटीत तिचा चेहरा. खाली लिहिलं होतं: "अत्यंत कमी उत्पादन. वयामुळे सुधारणा शक्य नाही. या सदस्येला गटातून वगळावे." आणि त्याखाली, तिरक्या अक्षरात, "'इले तं आम्ही फुकटच बसवतो.' — मालकीण."

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं वाचन लोकांच्या घरी पुडीचे कागद वाचून शिकले. उभ्या जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं. तिलाही, मलाही.

टाळ्या वाजल्या. पुढं बसलेले तिघं सर माना डोलवत होते. एकजण म्हणाला, "कठोर निर्णय घेण्याची तयारी दिसते. छान." मी डावीकडं बघूच शकले नाही. नुसता तिच्या साडीचा निळा काठ दिसत होता. तो हलत नव्हता.

आमच्या पोरीचा पहिला नंबर आला. पहिलं आलेलं प्रोजेक्ट बाहेर भिंतीवर लावणार म्हणे. आणि मग तर कहरच. माईकवरून आवाज आला, "या उद्योगाच्या मालकीण आजींनी मंचावर यावं." मास्तरीणबाई म्हणाली, "जाय ना वं." आणि मी गेले. तेच मला अजून समजत नाही. मी गेले कशी? पाय आपोआप गेले, मोठ्या माणसांनी बोलावलं की जातात तसे. अंगावर शाल घातली, हातात काचेचं काहीतरी दिलं. फोटोसाठी वळले, समोर पाहिलं, तर आमच्या रांगेत माझी सोडून सहा खुर्च्यांपैकी पाचांवरच माणसं.

बाहेर आलो तेव्हा दाराशी सहा जोड चपला. तापून अशा झालेल्या की पाय ठेववेना. शिपाई म्हणाला, "एक माय गेल्या ना मघाच. बसीले थांबा म्हटलं तं नाई थांबल्या." भर दुपारी, मोठ्या रस्त्यानं, सगळा वळसा घालून ती चालत गेली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईकडं पाळी. अल्लीपूरवाली आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. माझ्या डाव्या हाताला रिकामी जागा. कोणी सरकून बसली नाही, मीही बस म्हटलं नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती दाळ निवडत बसली होती. बस म्हणाली. पाणी दिलं. असं पाणी दिलं, जसं वीज बिलवाल्याला देतात.

मी म्हटलं, "मी गमतीनं बोलली वं. तुले माईत हाये."

"माईत हाये."

"मंग?"

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "तू बोलतं तवा मी तुह्या तोंडाकडं पाह्यतो. तू हासत राह्यतं. तिथं तोंडच नव्हतं."

ती पुढं बोलली, हळूच, रागानं नाही. "पह्यल्या वर्सी त्या दोघी उठून गेल्या, तवा तू काय म्हटलं होतं, आठवते?"

मला नव्हतं आठवत.

"तू म्हटलं, ज्याले जायचं त्यानं जावं, इचा पोळपाट इथंच राह्यन. तवाचं कोनं लिहून नाई घेतलं. हे घेतलं."

वीस वर्षं तिनं ते जपलं होतं आणि मी बोलून विसरून गेले होते. बोलणारीला आपलं काय बोलणं कोणाच्या घरात जाऊन बसलंय ते कळतच नाही.

घरी येऊन मी पत्रिकेवरचा नंबर पाहून त्या पोरीला फोन लावला. म्हटलं, "बेटा, ते भिंतीवरचं काढ." तिलाच धक्का बसला. "पण आजी, तुम्हीच तर सांगितलं होतं! मी एक शब्द पदरचा नाही घातला." मी तिला समजावलं, आमच्याकडं कसं बोलतात, का बोलतात. ती रडवेली झाली. संध्याकाळी तिचा फोन आला. "आजी, मी त्या आजींचा चेहरा झाकला. हातही काढले. पण निष्कर्ष नाही बदलता येत, सर म्हणाले. जजना तोच मुद्दा सगळ्यात आवडला होता ना." म्हणजे माणूस पुसला आणि 'वगळावे' तेवढं ठेवलं.

शनिवारी अल्लीपूरवालीची पाळी होती. मला वाटलं, ती या वर्षी करणारच नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्या फाटकापर्यंत आली, आत आली नाही. "पीठ दळून आनलं, ठेवून खराब होते. सहाले येजो." एवढं बोलून गेली.

आम्ही सहाला गेलो. तिनं चहा दिला. पोळपाटं मांडली. मी माझं तिच्या उजव्या हाताला ठेवलं, नेहमीसारखं, ती काही बोलली नाही. आणि लाटायला लागलो.

कोणी बोलेचना. मी तर तोंडाला कुलूपच घातलं होतं. मास्तरीणबाईनं लाटी घेतली नाही. कोणाचा पापड वाकडा झाला तर जिनं लाटला तिनंच गुपचूप नीट केला. नुसता लाटण्यांचा आवाज. तिचे हात हळू चालत होते, आमचे नेहमीपेक्षा भराभर, कारण दुसरं काही करायलाच नव्हतं. खाटेवर लुगडं अंथरलेलं, ते भरलं. दुसरं अंथरलं, तेही भरत आलं.

एरवी आमचं काम उरकायला दुपारचे दोन वाजतात. त्या दिवशी मी मान वर केली तर घड्याळात पावणेअकरा, आणि पातेल्यात फक्त सात-आठ लाट्या. मी हादरले. युनिव्हर्सिटीतल्या त्या तिन्ही सरांना आणून दाखवावं असं काम झालं होतं. इतके एकसारखे, इतके पातळ, इतक्या लवकर पापड आमच्या गल्लीत कधी झाले नव्हते. आणि आता शेवटच्या लाट्या संपल्या की आम्ही उठणार, पोळपाटं काखेत मारणार, आपापल्या घरी जाणार. पुढं काय, ते मला दिसत होतं. उद्या सहाच येणार, परवा पाच.

मी पुढची लाटी घेतली. लाटणं फिरवलं, कड राहून गेली.

"जाड झाला," अल्लीपूरवाली म्हणाली.

सगळ्यांची लाटणी थांबली. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती हसत नव्हती. रागातही नव्हती. माझ्या पापडाकडंच बघत होती.

"किती जाड?" मी विचारलं.

"भाकर हाये."

मी तो पापड गोळा केला, तेलाचं बोट लावलं, आणि पुन्हा लाटायला घेतला. हळूहळू. अगदी हळूहळू.